कमांड लाइनच्या टूलमध्ये एका अक्षराचा ऑप्शन (कमांडपुढे लिहायचा, '-एन'सारखा) कशाकशाला द्यावा?

काळापडदा:
जुन्या लॉग फायली उडवणारं एक टूल ऑफिससाठी लिहिलं. त्यात '-एन' म्हणजे 'न विचारता उडव'. सहकाऱ्याला वाटलं, आरसिंक आणि मेक या टूल्ससारखी ही नुसती रंगीत तालीम, म्हणजे खरं काही न करता काय होईल ते दाखवणं. एंटर मारला, फोल्डर साफ. चूक माझीच. हाताला आधीच पाठ असलेल्या अक्षराला नवा अर्थ चिकटवू नये. आणि खोडाखोडी करणाऱ्या ऑप्शनला लघुरूप देऊच नये, अख्खा शब्द टाइप करायला लावावा.

उलटाग्रेप:
पाठ असलेलं म्हणजे नेमकं काय? '-व्ही' बहुतेक ठिकाणी 'जास्त बडबड कर', काही ठिकाणी आवृत्ती, आणि मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये 'न जुळणाऱ्या ओळी दाखव'. ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टचा '-आर' उलटा क्रम लावतो, फायली कॉपी करणाऱ्या सीपीचा '-आर' आतल्या फोल्डरांत शिरतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचंच बघा की: पुशला (बदल सर्व्हरवर पाठवताना) '-एन' दिला तर तालीम, कमिटला (बदल नोंदवताना) दिला तर हुक तपासणीलाच, म्हणजे नोंदीच्या वेळी आपोआप होणाऱ्या तपासणीलाच चाट! एकाच टूलच्या घरात ही तऱ्हा, तुम्ही कुठे नियम शोधताय? मॅन पेज (टूलचं माहितीपान) वाचायचं, बास.

रात्रपाळी:
रात्री दोनला सर्व्हर पडलेला असताना मॅन पेज कोण वाचतं हो?
दूरच्या मशीनवर शिरणाऱ्या एसएसएचला पोर्ट (जोडणीचा क्रमांक) लहान 'पी'ने द्यायचा, तिथे फायली कॉपी करणाऱ्या एससीपीला कॅपिटलने, कारण तिथला लहान 'पी' सीपीसारखा फाइलच्या वेळा जपण्यात आधीच अडकलेला. कारण पटतं, पण बोटांना कोण सांगणार? मी अजून चुकते. तरी लघुरूपं काढायला माझा विरोध आहे. स्क्रिप्टमध्ये लांब नावं लिहा, हाताने चालवताना एक अक्षर हवंच.

काळापडदा:
काढा म्हणत नाहीये, जपून वाटा म्हणतोय. पहिल्या आवृत्तीत मदत, बडबड, तालीम आणि आउटपुट फाइल, एवढ्यांनाच अक्षर. बाकीच्यांना दोन डॅश आणि पूर्ण नाव. अक्षर नंतर कधीही देता येतं. दिलेलं परत घेतलं की कुणाची तरी स्क्रिप्ट मोडते.

उलटाग्रेप:
मदतीला '-एच' देणार ना? डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या डीएफमध्ये तो आकडे वाचण्याजोगे करतो आणि डेटाबेसला जोडणाऱ्या पीएसक्यूएलमध्ये होस्ट (सर्व्हरचं नाव) मागतो. आणि '-एफ'चं काय? फायलींचं गाठोडं बांधणाऱ्या टारमध्ये फाइल, फायली उडवणाऱ्या आरएममध्ये जबरदस्ती.

काळापडदा:
'-एच' मदतीलाच. '-एफ' कुणालाच नाही. दिला तर 'असा ऑप्शन नाही' म्हणून टूल तिथेच थांबतं. चूक लक्षात यायला तेवढा वेळ पुरे.