सबटायटल व्हिडिओतच छापायचे की वेगळी फाईल ठेवायची? (आजीच्या ओव्या, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमची आजी ८७ वर्षांची, गाव कुडाळजवळ. मे महिन्यात तिला जात्यावर बसवून ओव्या म्हणायला लावल्या आणि मोबाईलवर शूट केलं, सगळं जोडून ५२ मिनिटांचा एमपीफोर झालाय, साधारण ३ जीबी. बोलणं मालवणी, त्यात दात नाहीत त्यामुळे शब्द पटकन कळत नाहीत, म्हणून महिनाभर बसून सबटायटल एडिट या प्रोग्रॅममध्ये ओळन् ओळ टाईप केली. दोन एसआरटी (सबटायटलच्या वेगळ्या फाईली) आहेत, एक मराठी आणि एक इंग्रजी, कारण बहिणीची मुलं न्यू जर्सीत आहेत आणि त्यांना देवनागरी वाचता येत नाही.

अडलंय ते मोठ्या काकांपाशी. त्यांना आता अजिबात ऐकू येत नाही, ते पेनड्राईव्ह टीव्हीला लावून बघणार. एसआरटी यूटीएफ-८ (देवनागरी चालणारं एन्कोडिंग) मध्येच सेव्ह केलीये, लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये छान दिसते, पण टीव्हीवर जोडाक्षरं फुटतात, 'विठ्ठल' मधली वेलांटी व सोडून पुढे ठ ला जाऊन चिकटते. काकांनी दोन मिनिटं बघितलं आणि चष्मा काढून ठेवला, फार वाईट वाटलं.

मग हँडब्रेक या प्रोग्रॅमने पाच मिनिटांचा तुकडा बर्न करून (म्हणजे सबटायटल चित्रातच छापून) बघितला, टीव्हीवर अक्षरं एकदम स्वच्छ. पण तेवढ्यात आत्याचा फोन, आजी 'वैरते' म्हणते तिथे मी इंग्रजीत गुरांचा चारा लिहिलाय, आणि जात्यावर वैरणं म्हणजे पाळूच्या (जात्याच्या वरच्या दगडाच्या) तोंडात मूठमूठ दाणे टाकणं. अशा चुका अजून निघणार हे नक्की. बर्न केलं की प्रत्येक दुरुस्तीला अख्खा व्हिडिओ परत एन्कोड करून नव्याने बनवायचा, शिवाय ओळी नेमक्या आजीच्या हातांवर येतात. काय करू?

प्रतिसाद १:
मूळ फाईलला हात लावू नका. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रॅमने व्हिडिओ आणि दोन्ही एसआरटी एका एमकेव्ही फाईलीत (तिच्यात व्हिडिओ आणि सबटायटल वेगवेगळे ट्रॅक म्हणून राहतात) घाला, री-एन्कोड होत नाही, मिनिटाभरात काम होतं आणि ट्रॅक कधीही बदलता येतो. भाच्यांसाठी यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) टाकून एसआरटी वेगळी जोडा, चूक सापडली की तेवढीच फाईल बदलायची. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र आतला ट्रॅक दिसत नाही, तिथे बर्नच.

प्रतिसाद २:
टीव्हीचा प्लेअर देवनागरी नीट जुळवत नाही म्हणून अक्षरं फुटतायत, तुमची एसआरटी बरोबर आहे. सबटायटल एडिटमधून ब्लू-रे सुप म्हणून एक्सपोर्ट करून बघा, त्यात प्रत्येक ओळ चित्र होऊन जाते, फॉन्टचा प्रश्नच राहत नाही आणि तरी चालू-बंद करता येतं. सगळे टीव्ही ते वाचत नाहीत, आधी छोट्या तुकड्यावर तपासा.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. सुप आमच्या टीव्हीने उचललं नाही. त्यामुळे एमकेव्ही मूळ प्रत म्हणून दोन ठिकाणी ठेवली आणि काकांसाठी फक्त मराठीची एक बर्न कॉपी करणार, पण आत्याने सगळं तपासल्यावरच, आणि दरवेळी मूळ एमपीफोरवरूनच. आता एकच विचारायचंय, बर्न करताना ओळी वर आकाशाच्या बाजूला कशा न्यायच्या? जातं आणि आजीचे हात मोकळे दिसायला हवेत.