असेस्ड व्हॅल्यूला मराठीत काय म्हणावं? (घरपट्टीतले जाणकार या)

गंगापूररोडवाला:
भाच्याने न्यू जर्सीत घर घेतलं, 5 लाख 40 हजार डॉलरला. आता तिथल्या टाउनचं पत्र आलंय त्यात असेस्ड व्हॅल्यू 3 लाख 10 हजार. ताई हबकलीय, पोराला कुणीतरी गंडवलं म्हणते. तिच्यासाठी पत्र मराठीत उतरवतोय, मी 'करयोग्य मूल्य' लिहिलं, आपल्या घरपट्टीच्या बिलावर असतं ते, तर भाऊजी म्हणाले साफ चूक. का चूक ते सांगेनात, नुसते हसतायत.

तांबटआळी:
भाऊजी बरोबर आहेत. आपलं करयोग्य मूल्य म्हणजे घराची किंमत नाहीच, ते भाडं आहे. घर भाड्याने दिलं तर वर्षाला काय येईल ते धरतात, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा, उरेल ते करयोग्य. समजा महिना 1000 धरले तर वर्षाचे 12000, वजा 1200, राहिले 10800. यावर टक्केवारीने पट्टी. म्हणून आमच्या वाड्याचं करयोग्य मूल्य बघून अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणाला होता एवढ्यात मीच घेतो की वाडा!! 2018 ला नाशकात जी बोंबाबोंब झाली ती या भाडेमूल्याचे दर वाढवले म्हणूनच. मुंबईत मात्र 2010 पासून भांडवली मूल्य आहे, म्हणजे भाडं नाही, घराची किंमतच धरतात, भाच्याचं प्रकरण त्याच्या जवळचं.

शब्दवेडी:
सोपं आहे, 'निर्धारित मूल्य'.

सिन्नरफाटा:
ताईंना निर्धारित कळणार असेल तर असेस्डही कळेल :) आमच्याकडे गावात म्हातारी माणसंसुद्धा 'असिसमेंट काढून आण' म्हणतात, म्हणजे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा. मराठीच झालाय तो शब्द.

शब्दवेडी:
महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक असेच हसले असतील. त्यांचं जन्मगाव भगूर काही लांब नाही आपल्यापासून, थोडी तरी लाज ठेवा.

सिन्नरफाटा:
दिनांक फॉर्मवर, तोंडात तारीखच.

पंचवटी_पलीकडे:
आकारणी हा शब्द असताना वाद कशाला? सातबाऱ्यावर आकार असतो रुपये-पैशात, त्यातलाच हा शब्द. आकारणी मूल्य म्हणा.

तांबटआळी:
आकारणी मूल्य चालेल, पण 'आकारलेलं मूल्य' चुकूनही लिहू नका. जादा शुल्क आकारले जाईल अशी पाटी असते ना, ताईंना वाटेल 3 लाख 10 हजार पोराकडून वसूल करणार. तिकडे टाउनचा असेसर किंमत लावतो, कर दर 100 डॉलरमागे असतो, दर अडीच असेल तर झाले 7750, वर्षाला. आणि गावभरच्या घरांची किंमत नव्याने लावणं वर्षानुवर्षं होत नाही, तोपर्यंत बाजार पुढे निघून जातो. फसवणूक वगैरे काही नाही, उलट सगळी घरं सारखीच मागे असली की कुणावर अन्याय नाही. बाजारभावाच्या मानाने आपलंच घर बाकीच्यांपेक्षा जास्त धरलं असेल तर मात्र भांडायचं.

गंगापूररोडवाला:
हे भारी. मग 'सरकारी किंमत' लिहू का?

शब्दवेडी:
नको, त्याने रेडी रेकनर आठवतो. खरेदीखताला स्टँप ड्यूटी भरताना बघतात तो सरकारी दरांचा तक्ता.

निफाडकर:
मधेच विचारतो, घरपट्टीतली पट्टी कुठून आली? आम्ही लासलगावला कांदा घालतो तेव्हा व्यापारी हातात देतो तीपण पट्टीच. वजन, भाव, हमाली, तोलाई, खाली हातात काय राहिलं ते. एका पट्टीने पैसे येतात, दुसरीने जातात. वडील दोन्ही एकाच खिळ्याला टोचून ठेवायचे, वर कांद्याची, खाली घराची.

पंचवटी_पलीकडे:
कागदाची लांब पट्टी असायची म्हणून.

तांबटआळी:
छे, पट्टी म्हणजे सगळ्यांकडून काढलेली वर्गणी. पाणीपट्टी काय कागदाची असते का?

सिन्नरफाटा:
माझं वर चुकलं असेल तर सांगा, आठ नंबर आणि आठ अ एकच का? बँकवाला परत पाठवतोय.

निफाडकर:
एक नाही हो. आठ अ तलाठ्याकडचा, शेतीच्या खात्याचा. घराचा नुसता आठ, ग्रामसेवकाकडे मिळेल. आमचाही एक हेलपाटा यातच गेला होता.

गंगापूररोडवाला:
ताईला 'करासाठी धरलेली किंमत' असं लिहून पाठवलं. तिचा फोन आला, धरलेली म्हणजे कुणी धरली?