टोक्योत पहिलं बाळंतपण: आईचे ९० दिवस कधीपासून धरायचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही टोक्योत निशिकासाईला राहतो, दोन वर्षं होत आली. नवरा आयटीत, मी सध्या डिपेंडंट व्हिसावर. मला सहावा महिना चालू आहे, डॉक्टरांनी १८ जानेवारी तारीख दिलीये. पहिलंच आहे.

बाळंतपण इथंच करायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय आणि तिथूनच घरात सगळं सुरू झालं. आई-बाबा सांगलीला असतात. आईचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरीच, सातव्यात ये, डोहाळजेवण करू, ओटी भरू, आणि मग तीन महिने हलायचं नाही. माझ्या ताईचं तसंच झालं होतं आणि भावजींना बाळ बघायला मिळालं ते विसाव्या दिवशी, रजा मिळाली तेव्हा. मला ते नको आहे. बाळ आल्यावर ते आम्ही दोघांनी एकत्र बघावं असं मला फार वाटतं. शिवाय तिकडं झालं की आधी बाळाचा पासपोर्ट, मग इथून त्याचं सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हिसाच्या आधी लागणारा इथल्या इमिग्रेशनचा कागद), मग व्हिसा, यात महिने जातात आणि तोवर नवरा इकडं एकटा.

गंमत म्हणजे इथंही हीच पद्धत आहे, जपानी मुली बाळंतपणाला माहेरी जातात, त्याला सातोगाएरी म्हणतात. वॉर्डाच्या हेल्थ सेंटरला मी गरोदरपणाची नोंद करायला गेले होते तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी मला तेच विचारलं, भाषांतराच्या मशीनमध्ये हळूहळू बोलून, तुम्ही आईकडे जाणार का. मी नाही म्हटलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मग बाळंतपणानंतर तुमच्याजवळ कोण असेल? त्यांनी मला बोशी तेच्यो दिलं (आई आणि बाळाची एकच वही, त्यात माझ्या तपासण्यांपासून बाळाच्या लसींपर्यंत सगळं लिहितात), तपासण्यांची कुपनं दिली आणि तो गुलाबी बिल्ला, पोटात बाळ आहे असं लिहिलेला. तो बिल्ला त्यांनी स्वतः माझ्या बॅगेला अडकवून दिला. घरी येताना तोझाई लाईनच्या मेट्रोत उभी होते आणि डोक्यात तोच प्रश्न, कोण असेल?

तर आई यायला आता तयार झालीये, रडून का होईना. पण तिला व्हिसा मिळणार जास्तीत जास्त ९० दिवसांचा. २० डिसेंबरला आली तर साधारण १९-२० मार्चपर्यंत. ५ जानेवारीला आली तर साधारण ४-५ एप्रिलपर्यंत. लवकर बोलावलं आणि बाळ उशिरा आलं तर तिचे चार-पाच आठवडे नुसते वाट बघण्यात जाणार. उशिरा बोलावलं आणि बाळ आधीच आलं तर त्या वेळी आम्ही दोघंच. पहिल्या बाळंतपणात तारीख किती पुढंमागं होते? तुम्ही काय केलंत?

बाकीचे प्रश्नही इथंच विचारते. मी शाकाहारी आहे, हॉस्पिटलमध्ये पाच दिवस राहावं लागणार आणि तिथल्या जेवणात सूपमध्ये माशाचं दाशी (माशाचा अर्क) असतंच, तर घरचा डबा चालतो का? आईला शेक आणि ओवा-बाळंतशेपाची धुरी द्यायचीच आहे, पण आमच्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत स्मोक अलार्म आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आईला मराठी आणि थोडं हिंदी येतं, नवरा ऑफिसला गेला की दिवसभर ती आणि मी, मला काही झालं तर ती कुणाला सांगणार?

— अबोली_सांगली

केतकी_टोक्यो:
अबोली, अभिनंदन गं! माझी मुलगी इथंच झाली, तीन वर्षांची आहे आता. पहिल्यांदा तारीख आठवडाभर इकडंतिकडं होणं अगदी नॉर्मल, माझी आठ दिवस आधी आली. मी सांगेन ५ ते ८ जानेवारीच्या मध्ये आईंना बोलव. सिंगल एंट्री व्हिसा दिल्यापासून तीन महिनेच चालतो त्यामुळे ऑक्टोबरमध्ये घाई करून काढू नका. तुमच्याकडून आमंत्रणाचं पत्र, गॅरंटी लेटर, जूमिनह्यो (वॉर्ड ऑफिसचा रहिवासाचा दाखला), नवऱ्याच्या टॅक्सचा दाखला हे मात्र आत्ताच तयार ठेवा. आणि आईंचा ट्रॅव्हल इन्शुरन्स नक्की काढा, इथला आरोग्य विमा त्यांना लागू नाही.

नवऱ्याची रजा नीट वाटून घ्या. २०२२ च्या ऑक्टोबरपासून बाबांना पहिल्या आठ आठवड्यांत चार आठवडे रजा मिळते, दोन तुकड्यांत घेता येते. पहिला तुकडा जन्मानंतर लगेच, कारण जन्माची नोंद वॉर्ड ऑफिसला १४ दिवसांत करायची असते, बाळाच्या व्हिसाचा अर्ज इमिग्रेशनला ३० दिवसांत, आणि भारतीय वकिलातीतलं पासपोर्टचं काम वेगळं. त्या नोंदीत नाव लिहावं लागतं, म्हणून बारसं बाराव्या दिवशीच करा, बरोबर बसतं! साधी पालक-रजा आई परत गेल्यावर घ्यायला सांग.

खर्चाचं म्हणशील तर नॉर्मल डिलिव्हरी विम्यात येत नाही, पण विम्याकडून ५ लाख येन एकरकमी मिळतात, ते थेट हॉस्पिटलला जातात आणि वरचे आपण भरायचे. डब्याचं प्रत्येक हॉस्पिटलचं वेगळं. मी आधीच्या तपासणीलाच कागदावर जपानीत लिहून नेलं होतं, मासे नको, मांस नको, दाशीही नको, त्यांनी मला भात आणि टोफू दिलं आणि वरण-भाजी नवरा घेऊन यायचा.

आणि जिन्त्सू टॅक्सीत नाव नोंदवून ठेव, कळा सुरू झाल्या की फोन करायचा, घर आणि हॉस्पिटल त्यांच्याकडे आधीच लिहिलेलं असतं.

सुमनमावशी:
बाळा, मी लेकीसाठी तिकडं जाऊन आले आहे म्हणून लिहिते. तुझ्या आईला एकटेपणाची भीती नाही, तिथं आपला उपयोग होईल का याची भीती आहे. तिला पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघर दे. डिंकाचे लाडू ती घरून करून आणेल, ओवा तुमच्या निशिकासाईच्या भारतीय दुकानात मिळतो. धुरी नको बाई त्या बंद घरात, बाळालाही बरी नाही. शेक गरम पाण्याच्या पिशवीने द्यावा, मी तसाच दिला, कंबर छान राहिली पोरीची. आणि फ्रीजवर मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून चिकटव: ११९ (अँब्युलन्सचा नंबर), "क्यूक्यू देस" (म्हणजे अँब्युलन्स हवी आहे), खाली तुमचा पत्ता जपानीत कसा म्हणायचा तो. मला माझ्या लेकीनं रोज संध्याकाळी म्हणायला लावला होता, अजून पाठ आहे.

अबोली_सांगली:
केतकी, मावशी, खूप खूप आभार. बाराव्या दिवसाचं वाचून आईला लगेच फोन लावला, तिकडं दुपारचे दोन वाजले होते, ती एकदम म्हणाली मग पाळणा कुठून आणायचा. ६ जानेवारीचं तिकीट बघतोय. पत्ता मी आजपासूनच तिला फोनवर शिकवायला घेतलाय, "एदोगावा-कू" (आमचा वॉर्ड) पर्यंत आलोय.

एक राहिलं, निशिकासाईच्या आसपास कुणाकडे पाळणा आहे का, महिनाभरासाठी? आम्ही येऊन घेऊन जाऊ.