मदत हवी आहे: जळगावच्या मशीनवरचं क्यूजीआयएस यावलच्या घरून सुरक्षितपणे कसं चालवू?

केळफूल

राम राम मंडळी,

मी जळगावात केळीच्या नकाशांचं काम करते. रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यात केळी कुठे आहे, नवी लागवड कोणत्या शिवारात झाली, हे उपग्रहाच्या चित्रांवरून क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे बनवायच्या प्रोग्राममध्ये, बसवायचं. मग त्यावर शेतभेटीत टिपलेली सीएमव्हीची, म्हणजे आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात त्या रोगाची ठिकाणं टाकायची. पावसाळ्यात मावा वाढला की हा रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो आणि रोगट झाड वेळेत उपटलं नाही तर शेजाऱ्याच्या बागेलाही धोका असतो. त्यामुळे शेतभेटीचा नकाशा त्याच संध्याकाळी तयार व्हायला हवा. चार दिवसांनी झाला तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग नाही.

अडचण अशी की भेटी संपतात यावल तालुक्यात, माझं घरही तिथेच, आणि नकाशांचं मशीन जळगावच्या ऑफिसात. सेंटिनेल-२ उपग्रहाचं एक दृश्य पाऊण जीबीच्या आसपास असतं आणि दर ५ दिवसांनी नवं येतं. माझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम. शिवाय त्या फायलींमध्ये शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर आहेत. एसटीत, मोटरसायकलवर फिरणाऱ्या लॅपटॉपमध्ये ती असावीत हे मला पटत नाही. म्हणून प्रोग्राम ऑफिसच्याच मशीनवर चालावा आणि माझ्याकडे फक्त त्याची खिडकी दिसावी, एवढं हवं आहे.

दोन्हीकडे उबुंटू २२.०४ आहे. ऑफिसच्या लॅनवर सहकाऱ्याच्या मशीनवरून ‘एसएसएच -एक्स’ (दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून तिथल्या प्रोग्रामची खिडकी आपल्याकडे आणणं) केलं की क्यूजीआयएस लगेच उघडतं. घरून मात्र थेट जाता येत नाही, कारण ऑफिसच्या कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नाही. राउटरवर १०० ने सुरू होणारा पत्ता दिसतो. म्हणून मुंबईतला एक छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये घेतला आहे. ऑफिसचं मशीन त्याच्याशी रिव्हर्स टनेल, म्हणजे आतून उघडलेली उलटी वाट, धरून ठेवतं. मी घरून आधी त्या सर्व्हरवर ‘-एक्स’ लावून जाते आणि तिथून पुन्हा ‘-एक्स’ लावून ऑफिसच्या मशीनवर.

खिडकी येते, पण मेनू उघडायला इतका वेळ लागतो की क्लिक लागला की नाही तेच कळत नाही. नकाशा सरकवला की चित्र तुकड्यातुकड्यांनी भरतं. आणि लाईट गेली की राउटर बंद, एसएसएच तुटलं, क्यूजीआयएस गेलं, सेव्ह न केलेलं डिजिटायझेशनही गेलं. आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो हे तुम्हाला सांगायला नको.

ओळखीतल्या एकाने सांगितलं की घरी ‘एक्सहोस्ट +’ दे आणि एसएसएच सोडून डिस्प्ले थेट लाव, पळेल. ते सुरक्षित आहे का? शिवाय घरून उघडलेल्या नकाशावर गावांची मराठी नावं चौकोन-चौकोन दिसतात. फॉन्ट तर माझ्या लॅपटॉपवर आहेत. कृपया जाणकारांनी मार्ग सांगावा.

पांझराकाठ

ताई, ‘एक्सहोस्ट +’ अजिबात देऊ नका. त्या सद्गृहस्थांनाही सांगा.

एक्समध्ये, म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत, नावं उलटी वाटतात ते आधी लक्षात घ्या. ज्या मशीनवर पडदा आणि कीबोर्ड आहे तिथे एक्सचा सर्व्हर असतो. म्हणजे तुमचा लॅपटॉप सर्व्हर आणि जळगावचं क्यूजीआयएस त्याचं गिऱ्हाईक. एक्सची सुरुवात १९८४ साली एमआयटीत झाली आणि आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. विद्यापीठाच्या आवारातल्या, एकमेकांच्या ओळखीच्या मशीनांसाठी ती रचना होती. त्यामुळे एकदा एखाद्या प्रोग्रामला तुमच्या पडद्याशी जोडू दिलं की तो इतर खिडक्यांचं चित्र घेऊ शकतो आणि तुम्ही दुसऱ्या खिडकीत काय टाइप करता तेही वाचू शकतो. बँकेचा पासवर्डसुद्धा.

पटत नसेल तर करून बघा. लॉगिन करताना ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ (एक्सऑर्ग म्हणजे एक्सचा नेहमीचा सर्व्हर) निवडा, ‘एसएसएच -वाय’ने ऑफिसच्या मशीनवर जा आणि तिथे ‘एक्सइनपुट लिस्ट’ देऊन तुमच्या कीबोर्डचा क्रमांक बघा. तो नंबर ‘एक्सइनपुट टेस्ट’ला द्या. आता लॅपटॉपवरच्या ब्राउझरमध्ये काहीही टाइप करा. तिकडच्या टर्मिनलमध्ये प्रत्येक कीचा आकडा सरकताना दिसेल. वेलँडच्या (एक्सच्या जागी आलेल्या नव्या यंत्रणेच्या) सेशनमध्ये हे एक्सवेलँडच्या खिडक्यांपुरतं मर्यादित राहतं, पण भरवसा त्यावर ठेवू नये.

‘एक्सहोस्ट +’ म्हणजे ही मुभा कोणालाही, न विचारता. ते चालवायला एक्सला नेटवर्कवर ऐकायला लावावं लागतं, पोर्ट ६००० वर, आणि ती सगळी वाहतूक उघडी, बिनकुलपाची. २०१५ च्या १.१७ आवृत्तीपासून एक्सऑर्गने ते ऐकणं मुळातच बंद ठेवलंय, ते याच कारणासाठी. वेगही त्याने फारसा वाढणार नाही. अडचण वेगळीच आहे, ती खाली कोणीतरी सांगेलच.

मला जास्त काळजी तुमच्या मधल्या सर्व्हरची वाटते. तुम्ही तिथे ‘-एक्स’ने जाता तेव्हा तुमच्या पडद्याकडे येणारी वाट आणि तिची मॅजिक कुकी (प्रवेशाची सांकेतिक खूण) दोन्ही त्या भाड्याच्या मशीनवर तयार होतात. त्या मशीनवर कोणी रूट, म्हणजे सर्वाधिकार, मिळवला तर तो तुमच्या पडद्यावर येऊन बसला. आणि उबुंटूत ‘-एक्स’ आणि ‘-वाय’ यांत फरक उरत नाही, कारण डेबियन आणि उबुंटूने विश्वासाचा पर्याय आधीच चालू ठेवलेला असतो. इतर ठिकाणी ‘-एक्स’ने आलेल्या प्रोग्रामवर बंधनं असतात आणि २० मिनिटांनंतर नवा प्रोग्राम उघडला तर नकार मिळतो. तुम्हाला तसा नकार कधी आला नसेल, तो यामुळेच.

उपाय सोपा आहे. ‘एसएसएच -जे’ वापरा. मधला सर्व्हर फक्त बंद पाकीट पुढे सरकवतो आणि कुलूप-किल्ली तुमचा लॅपटॉप आणि ऑफिसचं मशीन यांच्यातच राहते. लॅपटॉपवरच्या एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये ऑफिसच्या मशीनला एक छोटं नाव द्या आणि त्याखाली ‘प्रॉक्सीजंप’ची ओळ लिहा, म्हणजे रोज लांबलचक टाइप करायला नको. रिव्हर्स टनेलचं पोर्ट मधल्या सर्व्हरच्या लोकलहोस्टवरच राहू द्या. तिथे ‘गेटवेपोर्ट्स’ नो असतंच, ते बदलू नका. दोन्हीकडे पासवर्डने लॉगिन बंद करा, ईडी२५५१९ ची किल्ली करा आणि तिला सांकेतिक वाक्य लावा. लॅपटॉप एसटीत राहिला तरी ऑफिसचं मशीन उघडं पडणार नाही.

जामनेरकर

एवढा खटाटोप कशाला? पडदा शेअर करायचं एखादं ॲप टाका दोन्हीकडे, नऊ आकडी नंबर टाकला की झालं.

केळफूल

@जामनेरकर भाऊ, तो विचार झाला होता. पण संध्याकाळी त्याच मशीनवर ऑफिसातले एक सर बसलेले असतात. पडदा शेअर केला तर माऊस एक आणि हात दोन. मला माझ्या लॉगिनखाली माझी वेगळी खिडकी हवी. आणि शेतकऱ्यांची यादी दिसणारा पडदा तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून जावा हे आमच्याकडे कोणालाच मान्य नाही.

@पांझराकाठ, खूप आभार. ‘एक्सइनपुट’ करून बघितलं. आकडे सरकताना बघून अंगावर काटा आला. आता ‘-जे’ लावलंय आणि मधल्या सर्व्हरवर ‘एक्स११फॉरवर्डिंग’ नो केलंय. पण वेग आहे तसाच आहे.

जंक्शन_भुसावळ

वेग ‘-जे’ने बदलणार नाही. ‘-सी’ लावून डेटा आकुंचित केला तरी थोडाच फरक पडेल. एक्समध्ये प्रोग्राम आणि पडदा यांच्यात सतत विचारपूस चालते: ही खिडकी केवढी, हा रंग आहे का, फोकस कुठे. बऱ्याच प्रश्नांचं उत्तर आल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. लॅनवर तो फेरा मिलिसेकंदाच्या आत होतो. यावलहून मुंबई, मुंबईहून जळगाव आणि परत, असा फेरा प्रत्येक प्रश्नाला झाला तर एका मेनूसाठी किती थांबावं लागेल बघा. त्यात क्यूजीआयएस क्यूटीवर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या साधनावर, बांधलेलं. ते हल्ली बहुतेक सगळं स्वतः रंगवतं आणि तयार चित्र एक्सकडे ढकलतं. एकाच मशीनवर असताना ते सामाईक मेमरीतून जातं. नेटवर्कवर ती सोय नाही, सगळे पिक्सेल तारेतून.

चौकोनांचं उत्तरही यातच आहे. अक्षरं जिथे क्यूजीआयएस चालतं तिथे रंगवली जातात. तुमच्या लॅपटॉपवरचे फॉन्ट त्याला दिसतच नाहीत. ऑफिसच्या मशीनवर लोहित देवनागरीचं पॅकेज टाका (‘फॉन्ट्स-लोहित-देवा’) आणि क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडा.

आता मुख्य उपाय: एक्सप्रा. तो ऑफिसच्या मशीनवरच एक आभासी पडदा उघडतो आणि क्यूजीआयएस त्याला चिकटतं. सगळी विचारपूस तिथल्या तिथे संपते. तुमच्याकडे येतं ते फक्त खिडकीच्या बदललेल्या भागाचं आकुंचित चित्र, आणि तेही एसएसएचच्या आतून. पूर्ण डेस्कटॉप येत नाही, एकटी खिडकी येते, तुमच्या इतर खिडक्यांच्या शेजारी बसते. पांझराभाऊंनी सांगितलेली भीतीही यात बरीच सुटते, कारण जळगावचा प्रोग्राम तुमच्या पडद्याला जोडलेलाच नसतो. त्याला तुमच्या ब्राउझरमधलं टाइपिंग ऐकू येणार नाही. फक्त क्लिपबोर्ड दोन्हीकडे सामाईक असतो, तो ‘--क्लिपबोर्ड=नो’ने बंद करता येतो.

आणि लाईट. एक्सप्राला कनेक्शन तुटल्याचं काही नाही. खिडकी तुमच्याकडून गायब होते, पण क्यूजीआयएस जळगावात तसंच चालू राहतं, अर्धवट काढलेल्या पॉलिगॉनसकट. राउटर चालू झाला की ‘एक्सप्रा अटॅच’ द्या, पुढे काम चालू.

दोन गोष्टी सांभाळा. उबुंटूच्या भांडारातला एक्सप्रा जुना आहे. दोन्ही मशीनवर एक्सप्राच्या स्वतःच्या भांडारातून एकच आवृत्ती टाका, नाहीतर जोडताना कुरबुरी होतात. आणि चालवताना ‘--एसएसएच=एसएसएच’ द्या, म्हणजे तो तुमच्याच कॉन्फिगमधलं प्रॉक्सीजंप वापरेल. सुरू करताना ‘एक्सप्रा स्टार्ट’, मग ऑफिसच्या मशीनचं छोटं नाव, डिस्प्ले १००, आणि ‘--स्टार्ट=क्यूजीआयएस’.

ऑफिसच्या मशीनला यूपीएस आहे ना ताई? तिथली लाईट गेली तर एक्सप्राही काही करू शकत नाही.

केळफूल

ऑफिसात यूपीएस आहे. घरी राउटरपुरता छोटा १२ व्होल्टचा यूपीएसही आता घेते आहे.

एक्सप्रा बसला! काल साकळीच्या शिवारातून आल्यावर लावून बघितला. झूम करताना चित्र क्षणभर धूसर दिसतं आणि मग स्वच्छ होतं, पण क्लिक लगेच लागतो. पॉलिगॉन काढत असताना मी स्वतः राउटरची पिन काढली. खिडकी गेली. परत अटॅच केल्यावर पॉलिगॉन जिथे सोडला होता तिथेच, अगदी शेवटच्या बिंदूसह. लोहित टाकल्यावर किनगाव, डांभुर्णी, साकळी अशी सगळी नावं नीट वाचता येतात. क्लिपबोर्ड बंद ठेवलाय. नकाशात रोगट झाडांची ठिकाणं रात्री जेवणाआधी टाकून झाली आणि सकाळी ती यादी संबंधित गावांत पोचलीही. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.

एकच शंका उरली. क्यूजीआयएस बंद केलं तरी ऑफिसच्या मशीनवर एक्सप्रा चालूच राहतो असं ‘टॉप’मध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामच्या यादीत, दिसतं. सरांना मशीन जड वाटतं म्हणे. आणि धाकट्या भावाच्या विंडोज लॅपटॉपवरूनही हे चालेल का? माझा बंद पडला तर काम अडू नये.

जंक्शन_भुसावळ

चालूच राहणार, त्याला तसंच सांगितलंय. ‘--स्टार्ट’च्या जागी ‘--स्टार्ट-चाइल्ड’ लिहा आणि जोडीला ‘--एक्झिट-विथ-चिल्ड्रन’ द्या. क्यूजीआयएस बंद केलं की आभासी पडदाही आवरला जाईल. आत्ता जो अडकलाय त्याला ‘एक्सप्रा स्टॉप :१००’ द्या, पण त्याआधी प्रोजेक्ट सेव्ह केलाय ना ते बघा.

विंडोजसाठी एक्सप्राचा क्लायंट आहे, चालेल. पण तुमची किल्ली त्या लॅपटॉपवर कॉपी करू नका. तिथे वेगळी किल्ली करा आणि तिचा सार्वजनिक भाग मधल्या सर्व्हरवर आणि ऑफिसच्या मशीनवर, दोन्हीकडे ‘ऑथोराइज्ड कीज’मध्ये स्वतंत्र ओळीत टाका. त्या ओळीच्या शेवटी भावाचं नाव लिहून ठेवा. तो लॅपटॉप विकला, हरवला तर दोन्हीकडची तेवढी ओळ काढली की झालं.