'घाशीराम' आज कुणी केलं असतं का? (आधी ते तेव्हा कुणी बंद केलं ते बघा)

तिसरी_घंटा: काल इथे कुणीतरी लिहिलं, "आजच्या नाट्यसंस्था भित्र्या, तेव्हाचे वाघ होते." डोकंच सटकलं. अहो, डिसेंबर १९७२ मध्ये तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेनेच उभं केलं आणि १९ प्रयोगांनंतर पीडीएनेच बंद केलं. सरकारने नाही, घरच्यांनीच. पोरं बाहेर पडली, थिएटर अकॅडमी काढली, १९७४ ला नाटक परत रंगमंचावर. संस्था कायमच भित्र्या. रडत बसू नका, वेगळी चूल मांडा.

विंगेतला: चूल मांडा म्हणे! आम्ही मांडली होती. जातीवरचं नाटक, परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र हातात. प्रयोगाच्या दोन दिवस आधी नाट्यगृहातून फोन, "वरून सांगितलंय, तारीख रद्द." वरून म्हणजे कुठून ते आजतागायत कळलेलं नाही. अनामत आठ महिन्यांनी मिळाली. सेट सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये पडलाय, ते अजून ऐकवतात.

रांग_फ: तारखांचं बोलूच नका! शनिवार-रविवार ठरलेल्या निर्मात्यांना, हौशींना मंगळवार सकाळ. वर एसी बंद.

बाल्कनी२२: एसीचं काय घेऊन बसलात, स्वच्छतागृहात पाणी नसतं. मध्यंतरात बायकांची रांग पार वडेवाल्यापर्यंत!

रांग_फ: वडाही गार असतो.

नाइटवाला: वड्यावरून विषयावर येता का? मी निर्मात्याकडे काम करतो. प्रयोग पडला तरी कलाकार, बॅकस्टेज, टेम्पोवाला, सगळे पैशासाठी माझ्याकडेच बघतात. तुमच्या क्रांतीसाठी त्यांच्या नाइट (प्रयोगाचे पैसे) बुडवू?

तिसरी_घंटा: बंदी आली तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग तेंडुलकरांच्याच 'सखाराम बाइंडर'साठी हायकोर्टात गेले आणि जिंकले. त्यांच्याकडे बॅकस्टेज नव्हतं?

नाइटवाला: सारंग एकच झाले, म्हणून तर पन्नास वर्षं तेच नाव घेताय. आणि डॉ. श्रीराम लागूंनी बसवलेल्या 'गिधाडे' नाटकात साडीवरचा रक्ताचा डाग सेन्सॉरपायी निळा करावा लागला. केलाच ना? नाटक लोकांपर्यंत गेलं. त्याला तुम्ही भित्रेपणा म्हणणार?

तिसरी_घंटा: तो निळा डाग लाल समजा असं प्रेक्षकांना आधी सांगायचे, साहेब! ती तडजोड नाही, सेन्सॉरची टर होती.

बाल्कनी२२: १९९८ ला नथुरामवरचं नाटक बंद पाडलं तेव्हा हे स्वातंत्र्यवाले कुठे होते?

तिसरी_घंटा: आलंच! बंदी नकोच होती. झालं समाधान? नाटक तरीही मला पटत नाही, तो माझा हक्क.

नाइटवाला: बरं, एवढं कबूल: कोर्टाला मी घाबरत नाही, त्या 'वरून'वाल्या फोनला घाबरतो. त्याच्याविरुद्ध कुठल्या कोर्टात जाऊ ते सांगा.

विंगेतला: हेच तर सकाळपासून सांगतोय, पण तुम्हाला वडा महत्त्वाचा.

तिसरी_घंटा: विंगेतला, सासऱ्यांच्या गॅरेजमधल्या सेटमध्ये दरवाजाची चौकट आहे का? आम्हाला पुढच्या महिन्यात लागणार आहे. मंगळवार सकाळ मिळालीय.