फुफ्फुसातल्या छोट्या गाठीचा प्लॅन मॉन्टे कार्लोशिवाय मंजूर करावा का?

रेणुकण
किरणोपचाराच्या प्लॅनिंगमध्ये रोज काम करतो, त्यामुळे मत सरळच मांडतो. फुफ्फुसातल्या छोट्या गाठीला मोजक्या सीटिंगमध्ये मोठा डोस द्यायचा असेल, तर इलेक्ट्रॉन कुठे विखुरतात याचा हिशेब न ठेवणाऱ्या अल्गोरिदमवरचा प्लॅन मंजूरच होऊ नये. पेन्सिल बीम या जलद, ढोबळ पद्धतीवरचा तर नाहीच नाही; हवं मॉन्टे कार्लो, म्हणजे कणांच्या प्रवासाची संगणकावर केलेली नक्कल.

बीममधले फोटॉन (क्ष-किरणांचे कण) ऊतीतले इलेक्ट्रॉन उडवतात आणि डोस पडतो तो त्या इलेक्ट्रॉनच्या वाटेवर. ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) बीममधल्या फोटॉनची सरासरी ऊर्जा २ एमईव्हीच्या (कणांच्या ऊर्जेचं एकक) आसपास असते. कॉम्प्टन टकरीत (फोटॉन इलेक्ट्रॉनला धडकून काही ऊर्जा देतो ती) त्यातली निम्मी घेऊन एखादा इलेक्ट्रॉन निघाला, तर पाण्यात तो ४-५ मिलिमीटरमध्ये थांबतो. फुफ्फुसाची घनता पाण्याच्या पाव ते एक तृतीयांश, त्यामुळे तिथे तोच दीड-दोन सेंटीमीटर जातो. तेही सरळ नाही, अणुकेंद्रांजवळून जाताना सतत दिशा बदलत. फील्डच (बीमची रुंदी) ३ सेंटीमीटरचं असेल तर कडेचे इलेक्ट्रॉन बाहेर निसटतात आणि त्यांची जागा घ्यायला बाहेरून तेवढे येत नाहीत. पेन्सिल बीम घनतेचा हिशेब फक्त खोलीच्या रेषेवर करतो, बाजूला काय आहे ते बघत नाही. म्हणून स्क्रीनवर गाठीच्या कडेला पुरेसा डोस दिसतो आणि प्रत्यक्षात तो कमी पडलेला असतो.

मॉन्टे कार्लो एकेक कण सोडून त्याचा माग काढतं. थांबेपर्यंत इलेक्ट्रॉनच्या टकरा लाखांच्या घरात जातात. त्या सगळ्या मोजणं अशक्य, म्हणून १९६३ मध्ये मार्टिन बर्गर यांनी अनेक टकरा एका पावलात गुंडाळायची पद्धत मांडली. ईजीएसएनआरसी, पेनेलोप, जिएंट४ या मॉन्टे कार्लो सॉफ्टवेअरच्या मुळाशी हीच कल्पना आहे. आता संगणकही तेवढे वेगवान झालेत. मग अडलंय कुठे?

शुश्रूषा
रेणुकण, भौतिकीबद्दल माझा वाद नाही. पण डॉक्टर म्हणून मी डोस लिहिते तो अनुभवावर. किती ग्रेला (डोसचं एकक) गाठ आटोक्यात येते, किती ग्रेनंतर बरगडीला धोका वाढतो, हे आम्ही त्या वेळच्या अल्गोरिदमने दिलेल्या आकड्यांवरूनच शिकलो.

आरटीओजी ०२३६ ही फुफ्फुसातल्या गाठींवरची अमेरिकी चाचणी आठवा. २० ग्रे ३ वेळा, एकूण ६०, आणि घनतेची दुरुस्ती करायची नाही (सगळं शरीर पाण्याइतकंच घन धरायचं) असं प्रोटोकॉलमध्येच होतं. २०१० मध्ये निकाल छापून आले तेव्हा ३ वर्षांनंतरचं मूळ गाठीवरचं नियंत्रण ९७ टक्क्यांच्या वर होतं. तुमच्या हिशेबाने ते आकडे चुकीचे, पण पेशंटची गाठ आटोक्यात आलीच ना? उद्या तुम्ही गणित बदललंत आणि मी सवयीने तोच ६० लिहिला, तर शरीरात डोस जास्त जाईल. त्याची जबाबदारी माझ्यावर येते, अल्गोरिदमवर नाही.

रेणुकण
डॉक्टर, हे उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं. त्याच चाचणीतले प्लॅन नंतर घनता धरून पुन्हा मोजले आणि पुढच्या प्रोटोकॉलमध्ये १८ ग्रे ३ वेळा, म्हणजे ५४, असं लिहिलं गेलं. जुना अनुभव वाया गेला नाही, नव्या आकड्यात आणता आला.

पण ५४ हा सगळ्या पेशंटचा मिळून ठरवलेला आकडा. छातीच्या भिंतीला चिकटलेल्या मोठ्या गाठीत फरक थोडा, चहूबाजूंनी फुफ्फुसाने वेढलेल्या छोट्या गाठीत बराच मोठा. म्हणजे दोन पेशंटच्या कागदांवर ६० लिहिलेलं असताना दोघांना वेगळा डोस मिळाला. सरसकट १० टक्के वजा करून ही तफावत जात नाही.

काठपदर
तुम्ही दोघंही गाठ जागच्या जागी आहे असं धरून बोलताय. श्वासासाठी गाठीभोवती मार्जिन धरतो, त्या मार्जिनमध्ये असतं फुफ्फुस. मॉन्टे कार्लो बरोबर सांगतं की त्या विरळ कड्यात डोस कमी पडतोय. मग ऑप्टिमायझर (बीमचा मारा ठरवणारा प्रोग्रॅम) काय करतो? कमी भरून काढायला नेमका तिथे बीमचा मारा वाढवतो. श्वासाबरोबर घट्ट गाठ त्या कड्यात सरकली की तिथे इलेक्ट्रॉनचा समतोल (जेवढे बाहेर जातात तेवढे आत येणं) परत येतो आणि गाठीला प्लॅनपेक्षा जास्त डोस बसतो. हे मी फँटममध्ये (शरीराच्या नकली नमुन्यात) मोजून बघितलंय. साधं सुपरपोझिशन (तयार डोस-नमुने घनतेनुसार ताणून त्यांची बेरीज करणारी पद्धत) आणि समजून घेतलेली मर्यादा मला जास्त विश्वासाची वाटते.

शिवाय नॉइज, म्हणजे मोजक्या कणांमुळे आकड्यांत येणारा चढउतार, आहेच. तो निम्मा करायचा तर कण चौपट सोडावे लागतात. घाईत कमी कण सोडले की एखादा व्हॉक्सेल (डोस मोजायचा छोटा ठोकळा) उगाच गरम दिसतो आणि त्यासाठी अख्खा प्लॅन फिरवला जातो.

सहावा दशांश
नॉइजचा मुद्दा मॉन्टे कार्लोपुरता आहे. कणांच्या प्रवासाचं बोल्ट्झमान समीकरण थेट सोडवणाऱ्या अक्युरॉससारख्या पद्धतीत तो नाही आणि इलेक्ट्रॉनचा हिशेब तरी पूर्ण असतो. त्यामुळे रेणुकण यांची अट ‘मॉन्टे कार्लो’ अशी नसून ‘इलेक्ट्रॉनचं वहन’ अशी असावी.

आणि एमआर-लिनॅकचा (एमआरआय जोडलेल्या किरणोपचार यंत्राचा) विचार करा. १.५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात ऊतीतून हवेत निघालेला इलेक्ट्रॉन वळून पुन्हा त्याच पृष्ठभागावर आदळतो, तिथला डोस वाढतो. हे सुपरपोझिशनच्या ठरावीक कर्नलमध्ये (तयार डोस-नमुन्यात) बसवणं फार कठीण.

रेणुकण, एक उत्तर मात्र तुम्ही द्यायला हवं: डोस पाण्यातला सांगणार की प्रत्यक्ष ऊतीतला? फुफ्फुसात फरक किरकोळ, पण टणक हाडात तो १० टक्क्यांच्या पुढे जातो. बरगडीच्या मर्यादा त्यावर ठरतात.

रेणुकण
ऊतीतला. इलेक्ट्रॉन हाडात चालवायचा आणि शेवटी आकडा पाण्याचा करायचा, यात मला अर्थ दिसत नाही. ‘इलेक्ट्रॉनचं वहन’ ही दुरुस्तीही मान्य.

काठपदर, तुमचं निरीक्षण खरं आहे आणि महत्त्वाचंही. पण त्यातला दोष ऑप्टिमायझरला दिलेल्या चित्राचा आहे. मार्जिनला ऑप्टिमायझेशनपुरती गाठीची घनता द्या, मग श्वासाच्या प्रत्येक टप्प्याच्या सीटीवर खऱ्या घनतेने डोस मोजा आणि गाठीला काय मिळालं ते बघा. नॉइजसाठी एका व्हॉक्सेलच्या कमाल आकड्यावर काही ठरवायचं नाही, ठरावीक घनफळाचा डोस बघायचा. एएपीएम या अमेरिकी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टीजी-१०५ अहवालात २००७ सालीच हे आहे.

शुश्रूषा
म्हणजे एकाच पेशंटसाठी मला दोन आकडे दाखवणार असाल, सवयीच्या पद्धतीचा आणि नव्या पद्धतीचा, तर मी तयार आहे. काही काळ दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय मी डोस लिहिण्याची पद्धत बदलणार नाही.

काठपदर
शेवटची मोजणी वहन धरून करावी, हे मान्य. मंजुरीची अट म्हणून अजूनही नाही. बीमचं मॉडेल ज्या मापांवर उभं असतं, ती १ सेंटीमीटरच्या फील्डमध्ये घेताना डिटेक्टरच चूक करतो. त्यासाठीच २०१७ मध्ये छोट्या फील्डच्या मापांचं टीआरएस-४८३ हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक आलं. ती मापं न तपासता सिम्युलेशन चालवलं, तर इलेक्ट्रॉन कितीही नीट विखुरले तरी सगळा डोस तेवढ्याच टक्क्यांनी चुकतो. अट घालायचीच असेल तर आधी छोट्या फील्डच्या मापांची घाला.