मदत हवी आहे: अर्डुइनो बोर्ड कम्प्युटरला दिसत नाही, २८ तारखेला मुलांना दाखवायचंय

सुदामानगरची_शुभा
नमस्कार मंडळी. शाळेत अर्डुइनोचं किट आलंय, म्हणजे प्रोग्राम चढवला की दिवे वगैरे चालवणारा छोटा सर्किट बोर्ड. बोर्ड लावला की लाल दिवा लागतो, म्हणजे बोर्ड मेलेला नाही. पण प्रोग्राम चढवायला गेलं की पोर्टचा पर्याय करडाच राहतो, क्लिकच होत नाही. व्हिडिओत दाखवलंय तसंच सगळं केलं, केबलही बदलून पाहिली. २८ ला विज्ञान दिन आहे, पालक येणार आहेत आणि मोठ्या बाईंनी निमंत्रणात 'मुलांचे रोबोटिक्स' असं छापूनसुद्धा टाकलंय. 'गूगल करा' सांगू नका, ते झालंय. इंदुरातलं कोणी येऊन बघू शकत असेल तर फारच बरं.

रेझिस्टर_२२०
बोर्ड कोणता? विंडोज कोणतं? आयडीईचं, म्हणजे प्रोग्राम चढवायच्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन? शाळेत इंटरनेट आहे का? दुसरी केबल कुठून आणली?

पोहेजलेबी
ताई, इंदुरात कुठे? मी राजवाड्याच्या बाजूलाच आहे. कम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण कोणाला तरी घेऊन येतो.

सुदामानगरची_शुभा
बोर्ड अर्डुइनोच आहे, निळा. विंडोज जे असतं तेच, जुनं. केबल किटमध्ये ढीगभर आहेत, त्यातलीच दुसरी लावली. आणखी काय सांगू?

रेझिस्टर_२२०
'जे असतं ते' नावाचं विंडोज अजून निघालेलं नाही. स्टार्ट मेनूत कम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि काय लिहिलंय ते इथे द्या. दुसरं म्हणजे, किटमधल्या सगळ्या केबल एकाच ठिकाणाहून आलेल्या असतात. एक नुसती चार्जिंगची निघाली तर बाकीच्याही तशाच असतात. आत चारऐवजी दोनच तारा असल्या की दिवा लागतो, पण डेटा जात नाही. किटच्या बाहेरची केबल लावून बघा.

योजना_माहिती
शुभाताई, आपल्या शाळेने अटल टिंकरिंग लॅबसाठी अर्ज करावा. शाळेला एकूण २० लाख रुपयांचे अनुदान मिळते, त्यातील १० लाख उभारणीसाठी आणि उर्वरित पाच वर्षांच्या देखभालीसाठी. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पुढील पाच वर्षांत आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झालेली आहे. अर्जाची प्रक्रिया ऑनलाइन आहे. अधिक माहितीसाठी कळवावे.

तिसरीच्या_बाई
योजनासाहेब, त्यांनी केबल विचारली आहे, अनुदान नाही. शिवाय अटल लॅब सहावी ते बारावीसाठी असते. शुभाताई, तुमची शाळा प्राथमिकच ना? मुलं कितवीची?

सुदामानगरची_शुभा
हो, प्राथमिक. तिसरी ते पाचवी. विंडोज ७ लिहिलंय, ३२ बिट. इंटरनेट ऑफिसात आहे, त्या खोलीत नाही. आयडीई भाच्याने पेन ड्राइव्हवरून टाकून दिली, १.८ का काहीतरी.

रेझिस्टर_२२०
भाचा शहाणा आहे. आयडीई २ ला विंडोज १० लागतं, ६४ बिट, तुमच्याकडे ती चाललीच नसती. १.८.१९ योग्य आहे. आता बोर्ड उलटसुलट करून बघा, एखाद्या काळ्या चिपवर 'सीएच३४०' असं बारीक लिहिलंय का? स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी हीच चिप असते. नव्या विंडोजवर तिचा ड्रायव्हर, म्हणजे कम्प्युटरला ती चिप ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, बहुतेक वेळा इंटरनेटवरून आपोआप येतो. तुमच्याकडे ७ आहे आणि खोलीत नेटही नाही, म्हणजे तो आलेला नसणार. ऑफिसातल्या मशीनवर ड्रायव्हर उतरवा, पेन ड्राइव्हने इकडे आणून टाका.

आजोबा_मालव्यातले
मी बरेच दिवस हा मंच नुसता वाचतो. आज राहवले नाही. या मध्य प्रदेशातच १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ मिडल स्कूलांत (सहावी ते आठवी) मुले हाताने प्रयोग करून विज्ञान शिकू लागली. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी ते सुरू केले, पुढे एकलव्य संस्थेने चालवले. अरविंद गुप्ता कानपूर आयआयटीचे इंजिनिअर, त्याच कामात येऊन आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून आकृत्या करू लागले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीस वर्षांनी, २००२ मध्ये, सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तेव्हा ताई, तो निळा बोर्ड कपाटात ठेवा. काड्या, चुंबक, सायकलचे जुने ट्यूब आणा. ड्रायव्हर लागत नाही.

रेझिस्टर_२२०
आजोबा, आदर आहेच. पण या मुलांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूत आज चिप आहे. काड्यांच्या आकृतीतून त्यांना वॉशिंग मशीन कसं ठरवतं ते कळणार नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांपासून कम्प्युटिंग अभ्यासक्रमात आहे.

उगाच_एक
आणि आमच्याकडे पाचवीच्या मुलाला धड परिच्छेद वाचता येत नाही. निपुण भारत २०२१ मध्ये सुरू झालं ते कशासाठी? तिसरीपर्यंत वाचता यावं, बेरीज-वजाबाकी यावी म्हणून. ते राहिलं बाजूला, निघाले रोबोट करायला. २०२० च्या शिक्षण धोरणातसुद्धा कोडिंग सहावीपासून आहे. घाई कोणाला? पालकांना आणि किट विकणाऱ्यांना.

तिसरीच्या_बाई
उगाच, यावेळी तुमच्याशी निम्मी सहमत आहे. पण माझ्या वर्गात वाचायला कंटाळणारा मुलगा 'लाल तार कुठे लावायची' हे कागदावरून तीनदा वाचतो, कारण चुकलं तर दिवा लागत नाही. वाचन हवं की हाताने काम हवं, असा प्रश्न वर्गात येतच नाही. तो इथे मंचावरच येतो.

मांडवीकर_बडोदे
धागा पहिल्या पानातच होशंगाबादला पोचला. शुभाताई, ड्रायव्हरचं काय झालं?

सुदामानगरची_शुभा
झालं! चिपवर तेच लिहिलं होतं. ड्रायव्हर टाकला, शिवाय ऑफिसातल्या जुन्या कॅमेऱ्याची केबल लावली, तर पोर्टमध्ये कॉम ३ दिसायला लागलं. पण आता अपलोड केलं की नारिंगी अक्षरात मोठं भेंडोळं येतं. शेवटी 'नॉट इन सिंक' असं काहीतरी, तेच दहा वेळा. बोर्ड बदलला तरी तेच. सगळेच खराब पाठवलेत का?

मांडवीकर_बडोदे
थांबा. कॅमेऱ्याची केबल बसली, म्हणजे मिनी यूएसबी. मग हा उनो, म्हणजे अर्डुइनोचा नेहमीचा मोठा बोर्ड, नाहीच. बोर्ड लांबट आहे का, साधारण अंगठ्याएवढा, दोन्ही बाजूंना खाली पिना असलेला?

सुदामानगरची_शुभा
हो, तसाच आहे. मी म्हटलं ना, अर्डुइनो.

मांडवीकर_बडोदे
तो नॅनो आहे. टूल्समध्ये बोर्ड 'अर्डुइनो नॅनो' निवडा. मग त्याच मेनूत खाली प्रोसेसर आहे, तिथे 'एटीमेगा३२८पी, ओल्ड बूटलोडर' घ्या. बूटलोडर म्हणजे बोर्डातला, नवीन प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम. स्वस्त नॅनोवर बहुधा तो जुना असतो. त्याचा वेग वेगळा, म्हणून आयडीई हाका मारत राहते आणि बोर्ड ओ देत नाही. बोर्ड खराब नाहीत.

पोहेजलेबी
भिया, बडोद्यात बसून इंदूरचा बोर्ड ओळखला. मी इथे राजवाड्यावर नुसता बसून राहिलो.

सुदामानगरची_शुभा
चालला!!! दिवा लुकलुकला! मांडवीकर, जन्मभर उपकार. मोठ्या बाई टाळ्या वाजवून राहिल्यात. आता रोबोटचा कोड कोणी देईल का? किटमध्ये चाकं नाहीत, पण काहीतरी हलणारं हवं. मुलं ४६ आहेत.

तिसरीच्या_बाई
४६? आणि बोर्ड किती, कम्प्युटर किती?

सुदामानगरची_शुभा
बोर्ड पाच. कम्प्युटर तसे चार, त्यातला हा एक चालतो.

रेझिस्टर_२२०
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ४६ मुलं एका पडद्यासमोर बसवून टेक्स्ट कोड शिकवणार? तिसरीच्या मुलाला अर्धविराम कुठे राहिला हे शोधायला लावू नका. पिक्टोब्लॉक्स किंवा एमब्लॉकमध्ये ठोकळे जोडून नॅनो चालवता येतो.

मांडवीकर_बडोदे
पिक्टोब्लॉक्स आमच्या गुजरातचं, अहमदाबादचं. पण विंडोज ७ आणि ३२ बिटच्या मशीनवर आदल्या दिवशी नवीन सॉफ्टवेअर टाकू नका, भलतीकडेच अडकाल.

उगाच_एक
कृपया स्मार्ट डस्टबिन करू नका एवढीच विनंती. इंदुरातल्या प्रत्येक प्रदर्शनात हात दाखवला की झाकण उघडणारा डबा असतो. २०१७ पासून आपण स्वच्छतेत पहिले आहोत, ते काय झाकणामुळे?

तिसरीच्या_बाई
शुभाताई, रोबोट सोडा. एकदा चढवलेला प्रोग्राम बोर्डातच राहतो, कम्प्युटर काढून घेतला तरी चालतो. मग तुम्हाला एकच कम्प्युटर पुरे, तोही आदल्या संध्याकाळी. पाच बोर्डांवर पाच सोपे प्रोग्राम चढवा आणि पाच टेबलं मांडा. मुलांनी कोड लिहायचा नाही, तारा जोडायच्या. एका टेबलावर अंधार झाला की दिवा लागतो (एलडीआरवर, म्हणजे उजेड ओळखणाऱ्या सुट्या पार्टवर, बोट ठेवून बघायचं), दुसऱ्यावर टाळी किंवा बटण, तिसऱ्यावर सिग्नलचे तीन रंग. कागदावर फक्त चित्र द्या, उत्तर देऊ नका.

आणि नऊ-दहा जणांचा घोळका एका टेबलावर सोडू नका, तिघं-चौघं आत आणि बाकीचे पुढच्या फेरीला. बाकीच्यांना तोवर आजोबांच्या काड्या द्या, मी थट्टा करत नाही. आतल्या चौघांत कामं वाटा: एकजण चित्र वाचून सांगतो, एकजण तार जोडतो, एकजण वहीत काय झालं ते लिहितो, एकजण चूक शोधतो. घंटा झाली की कामं बदला. हे सांगितलं नाही तर पहिल्या मिनिटाला एक धीट मुलगा ब्रेडबोर्ड (तारा खोचायची भोकांची पाटी) ओढून घेतो आणि मुली मागे उभ्या राहून बघतात. दरवर्षी होतं. माझ्या वर्गात नियम आहे, वाचणाऱ्याने तारेला हात लावायचा नाही, जोडणाऱ्याने कागद बघायचा नाही. भांडतात, पण बोलतात.

आजोबा_मालव्यातले
बाई, तुमच्याबद्दलचे माझे मत बदलले.

पोहेजलेबी
कम्प्युटर नाही तर वीज कुठून? पॉवर बँक माझ्याकडे दोन आहेत.

रेझिस्टर_२२०
पॉवर बँक नको. नॅनो इतका कमी करंट घेतो की पॉवर बँकेला वाटतं फोन भरला, आणि ती स्वतःहून बंद होते. तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट, थेट ५व्ही आणि ग्राउंड पिनला. पण उलटे लावले तर बोर्ड गेला, तिथे काही संरक्षण नाही. होल्डरची लाल-काळी तार मोठ्या माणसानेच जोडायची. प्रत्येक एलईडीला २२० ओमचा रेझिस्टर, तोही विसरू नका.

मांडवीकर_बडोदे
साधा मोबाइल चार्जर लावा की. पाच व्होल्टच तर आहे.

रेझिस्टर_२२०
४६ मुलांमध्ये एक्स्टेन्शन बोर्ड पसरणार? शिवाय मी पुढे जो प्रयोग सांगतोय त्याला चार्जर अजिबात चालणार नाही.

पालकांसाठी हा करा. ५व्ही आणि ए० पिन (व्होल्टेज मोजून आकडा देणारी) यांच्यामध्ये १ मेगाओमचा रेझिस्टर. ए० पासून एक तार, ग्राउंडपासून दुसरी, दोन्हींच्या टोकांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल. एका मुलाने एक फॉइल धरायचा, दुसऱ्याने दुसरा आणि दोघांनी एकमेकांचा हात धरला की ए० वरचा आकडा पडतो. तो ठरावीक आकड्याखाली गेला की दिवा किंवा बझर. मग साखळी वाढवत न्या, मुलं, आया, आजोबा, मोठ्या बाई. कोणीही हात सोडला की बंद. फेब्रुवारीत हात कोरडे असतात, साखळी लांबली की आकडा तेवढा खाली येणार नाही, तेव्हा हात किंचित ओले करा आणि मर्यादा बदलून घ्या. करंट मायक्रोअँपियरमध्ये असतो, काही जाणवत नाही. पण हे सेलवरच. स्वस्त चार्जरमधून मेनची गळती होते, त्याला मुलांची साखळी जोडायची नाही.

तिसरीच्या_बाई
सेल म्हटलं म्हणून: बटण सेल आणू नका. एलईडीला चिकटवायला सोपे वाटतात, पण लहान भावंडं गिळतात आणि दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजते. पालकांबरोबर धाकटी येणारच.

योजना_माहिती
सहावीपासून ही अट बरोबर आहे. तथापि शाळा पुढे वाढवण्याचा विचार असल्यास तेव्हा अर्जाच्या अटी पाहाव्यात.

उगाच_एक
साखळीचा प्रयोग आवडला. कोड तीन ओळींचा असेल. वाचन मात्र मी सोडत नाही, टेबलावरचे कागद मुलांच्याच अक्षरात असू द्या.

सुदामानगरची_शुभा
उद्या हे सगळं आणते. १ मेगाओमवर रंग कोणते असतात? आणि मिळेल कुठे, जेल रोडला?

रेझिस्टर_२२०
तपकिरी, काळा, हिरवा. शेवटचा बहुधा सोनेरी. दहा घ्या, दोन-चार हरवतात. साखळीचा कोड रात्री इथे टाकतो.

पोहेजलेबी
जेल रोडला मोबाइलचं काम होतं. सुटे पार्ट महाराणी रोडला विचारा, अकराच्या आधी कोणी शटर उघडत नाही. रेझिस्टर मीच आणून देतो, पत्ता व्यनि करा. आणि शाळेत पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू आहेत का? बहिणीचा मुलगा आहे, पहिलीला.